माघार, पिछेहाट आणि काढता पाय : मागे येण्याचे नेमके शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘माघार घेणे’ म्हणजे नेमके काय? पिछेहाट, काढता पाय, पडते घेणे, घूमजाव हे सगळे त्याचेच पर्याय समजायचे का? तालुक्याच्या निवडणुकीच्या बातमीत ‘अर्ज माघार घेतला’ चालेल की ‘माघारी घेतला’? आणि कोकणात सर्रास बोलले जाणारे ‘पाठी सरला’ छापावे की नाही?

पर्याय नाहीत. हालचाल एकच, मागे येण्याची; पण ती कोणाच्या मर्जीने झाली, कुठून झाली आणि पुन्हा पुढे यायची वाट उघडी राहिली का, हे पाहून मराठीने शब्द वाटून दिले आहेत. माघार घेणारा आधी कुठेतरी उभा असावा लागतो : रणात, रिंगणात, लिलावात, भांडणात, एखाद्या मागणीवर. तिथे त्याच्यावर काही दबाव येतो, किंवा नफ्यातोट्याचा हिशेब उलटतो. आणि मग तो स्वतः ठरवून मागे येतो. यातले एक जरी नसेल तरी शब्द बदलावा लागतो. ज्याने उमेदवारी अर्जच भरला नाही त्याने ‘निवडणुकीतून माघार घेतली’ असे दर निवडणुकीत छापून येते. तो फार तर रिंगणात उतरला नाही. जो उतरलाच नाही तो मागे कुठून येणार?

व्याकरणाचे आधी उरकून घेऊ, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. माघार हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याने माघार घेतली, तिने माघार घेतली, तिघांनी माघार घेतली. क्रियापद माघारीला धरून चालते. तिला जोडीला ‘घेणे’ लागते. नाइलाज दाखवायचा असेल तर ‘पत्करणे’. दुसऱ्याने भाग पाडले असेल तर ‘माघार घ्यायला लावली’. ‘माघार झाली’ आणि ‘माघार केली’ ही मराठी नव्हेत. सामान्यरूप माघारी- असे होते, जसे भिंतीचे भिंती- होते : माघारीचा दिवस, माघारीची मुदत, माघारीनंतरचे चित्र.

घोटाळा इथूनच सुरू होतो. मराठीत ‘माघारी’ नावाचा दुसरा, स्वतंत्र शब्द आहे. तो क्रियाविशेषण आहे आणि त्याचा अर्थ मागे, परत. ‘खिंडीत दरड कोसळल्याने गाड्या माघारी फिरल्या’ यात तो आहे. ‘माघारीची मुदत’ यात मात्र पहिला, म्हणजे माघार. दिसायला सारखे, कामाला वेगळे. हे कळले की ‘अर्ज माघारी घेतला’ बरोबर का आणि ‘अर्ज माघार घेतला’ चूक का, तेही कळते. पहिल्यात अर्ज हे कर्म आणि माघारी म्हणजे परत. अर्ज परत घेतला. दुसऱ्यात घेण्याच्या क्रियेला अर्ज आणि माघार अशी दोन कर्मे चिकटली आहेत, आणि ती एकमेकांना धरत नाहीत. बोलताना हे खपून जाते, मथळ्यात मात्र डोळ्याला खुपते.

बातमीदाराला उपयोगी पडेल असा एक धरबंध सांगतो. माणूस, पक्ष, संघ किंवा सैन्य मागे आले तर माघार. कागद, शब्द किंवा कृती परत घेतली तर ‘मागे घेणे’. अर्ज, तक्रार, वक्तव्य, संप, उपोषण, अधिसूचना, संमतीपत्र ही सगळी मागे घेतली जातात. कोकणात हा फरक रोजच्या व्यवहारात लागतो, कारण एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असणे नवीन नाही. भूसंपादनाला दिलेली संमती त्यातल्या एकाने परत घेतली, तर ‘हिस्सेदाराने संमती मागे घेतली’ असे लिहायचे. ‘हिस्सेदाराने माघार घेतली’ असे लिहिले तर त्याने विरोध सोडला की संमती सोडली हेच वाचणाऱ्याला कळत नाही. गावात लोक दोन बाजूंना उभे असतात तेव्हा ही संदिग्धता बरीच महागात पडते.

कोर्टातही हाच शब्दप्रयोग : दावा मागे घेणे. तिथे त्याला परिणाम चिकटलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेविसाव्या आदेशाप्रमाणे नव्याने दावा लावण्याची परवानगी न घेता दावा मागे घेतला, तर त्याच विषयावर त्याच प्रतिवादीविरुद्ध पुन्हा दावा लावता येत नाही. म्हणून कोर्टाच्या बातमीत नुसते ‘दावा मागे घेतला’ एवढ्यावर थांबू नये. परवानगीसह की परवानगीविना हे दोन शब्द जास्त लिहावेत.

माघार कुठून, हे सांगणारे प्रत्ययही ठरलेले आहेत. स्पर्धा, निवडणूक, आंदोलन, लिलाव या जागा आहेत, त्यांना ‘-तून’ : स्पर्धेतून माघार. निर्णय, मागणी, भूमिका यांवर माणूस उभा असतो, म्हणून ‘-वरून’ : मागणीवरून माघार. ‘भूमिकेपासून माघार’ हे भाषांतराच्या घाईत आलेले रूप आहे आणि माझ्या मते ते टाळावे.

शब्द आला कुठून, तर ‘मागे’ ज्या कुळातला त्याच कुळातून. मार्गाचा माग झाला, मागावर असणे म्हणजे पाठीवर असणे झाले. जुन्या लेखनात ‘माघें’ असे घ-काराचे रूपही सापडते. माघारीतला घ तोच. माघ महिन्याशी तिचा काही संबंध नाही. तो महिना मघा नक्षत्रावरून आला.

‘माघारी’ला आणखी एक अर्थ आहे आणि तो कोकणाला जवळचा आहे : पश्चात, गैरहजेरीत. ‘आमच्या माघारी घराकडे कोण बघणार’ हे मुंबईला निघालेल्या चाकरमान्याचे वाक्य. तोच शब्द मृत्यूनंतरच्या काळालाही लागतो. ‘त्यांच्या माघारी दोन मुलगे आहेत’ हे श्रद्धांजलीत शोभते. पण हयात अध्यक्षांबद्दल ‘अध्यक्षांच्या माघारी सभा घेतली’ असे छापले की फोन येऊ लागतात. तिथे सरळ ‘अध्यक्षांच्या गैरहजेरीत’ लिहावे. याच मुळापासून ‘माघारीण’ हा शब्दही झाला आहे : सासरहून माहेरी आलेली मुलगी, म्हणजे माहेरवाशीण. तिथे दबाव नाही, हार नाही, नुसते परतणे आहे. शब्दाच्या पोटात मुळात पराभव नव्हताच.

क्रीडापानावर दोन्ही शब्द एकाच दिवशी येतात. ‘फलंदाज १२ धावांवर माघारी परतला’ म्हणजे तो बाद झाला. ‘संघाने माघार घेतली’ म्हणजे नाव नोंदवूनही तो स्पर्धेतून बाहेर पडला. फलंदाज जखमी होऊन बाहेर गेला तर दोन्ही चूक, ‘जखमी होऊन निवृत्त’ असे लिहावे. कबड्डीत चढाई करणारा निदान रेषा ओलांडून गडी न मारता मध्यरेषेकडे परत आला, तर त्याला माघार म्हणू नये. परत येणे हा चढाईचाच भाग आहे. तो ‘रिकाम्या हाताने परतला’.

निवडणुकीच्या माघारीवर थोडे सविस्तर, कारण इथे शब्दाला घड्याळ बांधलेले आहे. लोकसभा आणि विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याचे कलम ३७ लागू होते. छाननीनंतरचा दुसरा दिवस हा माघारीचा शेवटचा दिवस असतो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असेल तर पुढचा. दुपारी तीनच्या आत लेखी सूचना, तीही उमेदवाराच्या सहीची, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावी लागते. ती उमेदवाराने स्वतः द्यावी, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने किंवा निवडणूक प्रतिनिधीने. यासाठी ठरलेला नमुना आहे, नमुना ५. फोनवर सांगितलेली, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली किंवा सभेत जाहीर केलेली माघार कायद्याच्या लेखी माघार नव्हे. एकदा दिलेली सूचना रद्दही करता येत नाही. संध्याकाळी मन बदलले तरी नाव परत येत नाही.

यातून बातमीतली नेहमीची चूक लक्षात येते. मुदत टळून गेल्यावर एखादा अपक्ष पत्रकार परिषद घेतो आणि दुसऱ्याला पाठिंबा देतो. दुसऱ्या दिवशी मथळा येतो : ‘अपक्षाची माघार’. पण त्याचे नाव आणि चिन्ह मतदान यंत्रावर तसेच राहिलेले असते, त्याला मते पडतात, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर अनामतही जाते. लोकसभेसाठी ती २५,००० रुपये, विधानसभेसाठी १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. मुदतीत माघार घेतलेल्याची अनामत मात्र परत मिळते. दोघांना एकच शब्द वापरला तर वाचक चुकीचे समजून जातो. पहिल्यासाठी ‘प्रचार थांबवला’, ‘पाठिंबा जाहीर केला’ असे लिहावे. ‘पिछाडीवर’ हा शब्दही याच काळात येतो. तो मतमोजणीचा आहे, मते कमी असणे एवढाच त्याचा अर्थ. पिछाडीवर असलेला उमेदवार दोन फेऱ्यांनंतर आघाडीवर येऊ शकतो, म्हणून त्याला ‘पिछेहाट’ घाईने लावू नये.

पिछेहाट म्हणजे काय, हे आता पाहू. माघार घेतली जाते, पिछेहाट होते. ‘पिछेहाट घेतली’ असे कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. माघारीत कर्ता असतो. पिछेहाटीत परिस्थिती माणसाला रेटते. त्यामुळे एकाच घटनेला दोन्ही शब्द लागू शकतात, फक्त कुठून पाहतो ते ठरवावे लागते.

पनवेलचे उदाहरण घेऊ. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली. पुढे फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने बोरघाट चढून खंडाळ्याला आपले लोक बसवले. त्याचा धाक पुण्यावर बसावा असा बेत होता. पण पनवेलहून वर येणारी रसद मराठ्यांची पथके वाटेत गाठू लागली. एप्रिलमध्ये गॉडर्डने खंडाळ्याचे ठाणे सोडून पनवेलकडे उतरायचे ठरवले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी त्याला घाटापासून पनवेलपर्यंत सोडले नाही; त्या थोड्या दिवसांत इंग्रजांचे चारशेंहून अधिक लोक ठार-जखमी झाले. गॉडर्डने काय केले, असे विचारले तर उत्तर : माघार घेतली. मोहिमेचे काय झाले, तर पिछेहाट झाली. दोन्ही वाक्ये खरी, पण अदलाबदल केली तर दोन्ही बिघडतात.

त्याच्या दोन वर्षे आधीचा प्रसंग त्याच वाटेवरचा. मुंबईहून निघून पनवेलमार्गे घाट चढलेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावपर्यंत गेली. तिथे तिने जड तोफा तळ्यात टाकून रातोरात मागे फिरायचे ठरवले. हेतू माघारीचा होता, पण वडगावला फौज घेरली गेली आणि १६ जानेवारीला करारावर सह्या कराव्या लागल्या. इथे ‘वडगावला इंग्रजांनी माघार घेतली’ हे अपुरे आहे. माघार तळेगावहून निघाली, वडगावला ती शरणागतीत संपली. वाट बंद झाली की माघार हा शब्द तिथेच संपतो. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाचे तसेच झाले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी खंडणी देऊन वाट मागून घ्यावी लागली. त्याने माघार घेतली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले दिसते. खरे तर त्याने सुटका करून घेतली.

जुन्या लष्करी भाषेत मागे येण्याचे बारकावे जास्त होते. सैन्याच्या पुढच्या तुकडीला हरावल, मागच्या तुकडीला चंदावल. माघार शिस्तीत व्हायची तर चंदावल मजबूत हवी, कारण शत्रू पाठीवर असतो. चंदावल मोडली की माघारीची पळापळ होते, आणि तिथून ‘पळ काढला’, ‘पाठ दाखवली’ हे शब्द सुरू होतात. ते निंदेचे आहेत, तटस्थ वर्णनात घालू नयेत. मुद्दाम मागे येऊन शत्रूला खिंडीत ओढायचे असेल तर ती हुलकावणी. वेढ्याची भाषा पुन्हा निराळी : घालणारा वेढा घालतो आणि उठवतो, आतला तो फोडतो. जंजिऱ्याला मराठ्यांचे वेढे अनेकदा पडले आणि उठले. तिथे ‘वेढ्यातून माघार’ असे लिहू नये, कारण वेढ्यातून बाहेर पडतो तो आतला माणूस. ‘वेढा उठवला’ म्हटले की झाले.

‘सैन्यमाघारी’ हा अलीकडचा जोडशब्द. २०२१ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तान सोडले तेव्हा तो वृत्तपत्रांत रुळला. क्रियाविशेषणाचे नाम झाले आहे, आणि भाषेत असे होते. आता कान रुळले आहेत, बदलण्याचा हट्ट नको. पण ‘सैन्यमाघारीची माघार’ असले काही लिहायची वेळ आली तर वाक्य मोडून नवे करावे.

कोकणात माघार सर्वांत जास्त ज्याची लिहिली जाते तो पाऊस. मोसमी वाऱ्यांच्या बाबतीत माघार हा शब्द अगदी योग्य आहे, कारण हवामान खाते ती तारखेने आणि निकषांनी जाहीर करते. २०२० पासूनच्या सुधारित तारखांप्रमाणे पश्चिम राजस्थानातून माघारीची सरासरी सुरुवात १७ सप्टेंबरला, मुंबईतून ८ ऑक्टोबरला, आणि देशातून १५ ऑक्टोबरपर्यंत. वायव्य भारतातून माघार जाहीर करायला १ सप्टेंबर उलटावा लागतो, पाच दिवस सलग पाऊस थांबावा लागतो, खालच्या थरातल्या हवेत प्रतिचक्री (जास्त दाबाच्या केंद्राभोवती फिरणारे) वारे बसावे लागतात आणि हवेतली आर्द्रता स्पष्टपणे घटावी लागते. दोन दिवस ऊन पडले म्हणजे माघार नव्हे.

दोन दिवसांच्या त्या उन्हाला मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. मध्येच काही तास किंवा दिवस पाऊस थांबला तर त्याने उघडीप दिली. श्रावणात आठवडाभर गायब झाला तर दडी मारली. जूनमध्ये यायचा तोच लांबला तर ओढ दिली. लावणी अडली असताना ‘पावसाची माघार’ असा मथळा दिला, तर भात लावायला थांबलेला माणूस हसेल. आणि ‘परतीच्या पावसाने माघार घेतली’ हा तर दुहेरी परतीचा घोळ. परतीचा पाऊस म्हणजे माघार चालू असताना, बहुधा दुपारनंतर विजांसह कोसळणारा पाऊस. तो कापलेल्या भातावर पडतो म्हणून त्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. तो थांबतो, माघार घेत नाही. माघार घेतात वारे.

पाण्याचेही तसेच. भरतीनंतर ओहोटी लागते. किनाऱ्यावरचे लोक तिला सुकती म्हणतात. पुराचे पाणी ओसरते. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात शिरलेले वाशिष्ठीचे पाणी ओसरले. पाण्याला मर्जी नसते, म्हणून त्याला माघार नसते. गर्दी, ताप, राग हेही ओसरतात. लोकप्रियतेला ओहोटी लागते, ती माघार घेत नाही. मात्र समुद्रावरच्या माणसांबद्दल लिहिताना जपावे. वादळाचा इशारा आल्यावर देवगड बंदरात नौकांची रांग लागते. ‘मच्छीमारांनी माघार घेतली’ असे त्यावर लिहिले तर मागच्या महिन्यात पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीविरोधात चाललेले उपोषण सुटले की काय, असे वाटेल. नौका बंदरात आश्रयाला आल्या, एवढे पुरे.

आता भांडणातल्या आणि वादातल्या माघारीकडे. घरच्या, भावकीच्या भांडणात माघार हा शब्द जरा अवजड होतो. तिथे ‘पडते घेणे’ आणि ‘नमते घेणे’ आहेत. नमते घेणारा सूर मऊ करतो, मुद्दा सोडतोच असे नाही. पडते घेणारा चूक नसताना मुद्दा सोडतो, नाते टिकावे म्हणून. ‘पड खाणे’ याच्याही खाली जाते, त्यात मान थोडा जातो. हद्दीच्या बांधावरून दोन भावांत तंटा असेल आणि थोरल्याने दगड हलवू दिला, तर त्याने पडते घेतले. ‘थोरल्याने माघार घेतली’ म्हटले तर त्याचा मोठेपणा हिशेबात येत नाही.

‘कच खाणे’ ऐन वेळचे आहे : पाऊल टाकायचे तेव्हा धीर सुटला. ‘नांगी टाकणे’ शेवटचे, ताकदच संपली. (नांगी इथे विंचवाची.) ‘शेपूट घालणे’ ही शिवी आहे, ती संपादकीयात कोणाच्या तोंडी घालायची असेल तर अवतरणात घालावी. ‘हात टेकणे’ थकव्याचे आहे आणि त्यात बहुधा दुसऱ्याच्या हट्टाची कबुली असते.

राजकारणात भूमिका सोडणे निराळे. कालच्या विधानाच्या थेट उलट आज बोलला तर घूमजाव. विधान तेच ठेवून त्याचा अर्थ बदलू लागला तर सारवासारव. अंगण सारवल्यावर भेगा झाकतात तशी. दिलेले वचन मोडले तर शब्द फिरवला. मागणी दहाची होती, सहावर आला, तर दोन पावले मागे आला, आणि इथे माघार लिहायची घाई नको, कारण वाटाघाट अजून चालू असते. सरकारी निर्णयाच्या बातमीत तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात : निर्णयाला स्थगिती दिली म्हणजे तो जिवंत आहे, फक्त झोपवला आहे. मागे घेतला म्हणजे काढून टाकला, पण सुधारून पुन्हा येऊ शकतो. रद्द केला म्हणजे संपवला. ‘सरकारची माघार’ हा मथळा तिन्हींवर बसतो, आणि म्हणूनच तो पहिल्या पायरीवर वापरणे धोक्याचे. प्रकल्पाच्या विरोधात गाव महिनोन्महिने बसलेले असते. स्थगितीलाच माघार समजून मंडप उतरवला जातो आणि सहा महिन्यांनी मोजणीवाले पुन्हा दारात येतात.

व्यवहारातही हे नीट पाळावे. आंब्याची बाग हंगामासाठी कराराने द्यायची बोलणी झाली आणि नुसत्या शब्दावर असताना व्यापारी फिरला, तर त्याने शब्द फिरवला. विसार दिल्यावर फिरला, तर व्यवहार मोडला आणि ठरले असेल त्याप्रमाणे विसार बुडाला. लिलावात बोली वाढवत नेऊन मध्येच थांबला, तर लिलावातून माघार घेतली, आणि हा एकच प्रसंग माघारीचा. भागीदारीत अडचण येताच एकटा बाजूला झाला, तर अंग काढून घेतले. बाकीच्यांच्या गळ्यात पडले असा त्यात आरोप आहे. मुळातच जबाबदारी नाकारली, तर हात झटकले. कायमचे बंद करून गेला, तर गाशा गुंडाळला. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे कापड. ते गुंडाळले म्हणजे मुक्काम उठला. पैसे घेऊन नाहीसा झाला, तर पोबारा. सोंगट्यांच्या खेळातल्या पौबारा या दानावरून तो आला आहे.

काढता पाय घेणे यात चोरपावलाचा अर्थ आहे, पण रागाचा नाही. सभेत वर्गणीचा विषय निघाला आणि मागच्या रांगेतला एकेक जण उठला. ते काढता पाय घेणे. पाय पुल्लिंगी, म्हणून ‘काढता पाय घेतला’, ‘काढता पाय घेतली’ नव्हे. ज्याने जाहीर सांगून सभात्याग केला त्याला हे लावू नये, आणि सैन्याला तर मुळीच नको, विनोद होतो.

उरला प्रश्न ‘पाठी सरला’चा. कोकणात आणि मुंबईत देशावरच्या ‘मागे’च्या जागी ‘पाठी’ येते : गाडी पाठी घे, माझ्या पाठी उभा राहा. सिंधुदुर्गात ती ‘फाटी’ होते, आणि ‘तो फाटी सरलो’ म्हणजे माघार घेतली. ‘त्याना माघार घेतल्यान’ हेही मालवणीत ऐकू येते. तिथे मूळ मराठी शब्द मालवणी प्रत्यय घेऊन वावरतो. यात अशुद्ध काहीच नाही, ती त्या बोलीची घडण आहे. मात्र ‘पाठी सरणे’ आणि ‘माघार घेणे’ तंतोतंत एक नाहीत. पाठी सरण्यात शारीरिक हालचाल जास्त ठळक आहे, निर्णय कमी. बैल पाठी सरतो, गर्दी पाठी सरते. त्यांनी माघार घेतली असे म्हणत नाही. म्हणून बोलणाऱ्याचे उद्गार देताना ‘आम्ही फाटी सरूचे नाय’ हे जसेच्या तसे, अवतरणात छापावे. ‘आम्ही माघार घेणार नाही’ असे शहरी करून घेतले तर बोलणाऱ्याचा जोर निम्मा होतो. निवेदनाच्या ओळीत, निवडणूक किंवा कोर्टाच्या बातमीत माघार आणि मागे घेणे हेच ठेवावे. आणि उद्गारातल्या ‘फाटी’ला कंसात ‘मागे’ असे स्पष्टीकरण जोडू नये. रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकाला ते लागत नाही, आणि घाटावरच्या वाचकाला वाक्यावरून आपोआप कळते.